उभयतांच्या स्वाक्षरीने

बोरूबहाद्दराला बंदूक चालवता येत नव्हती असं नाही. येत होती, पण ती समोरच्याला लागण्यापेक्षा शेजारच्याला लागण्याचा संभव जास्त, असं शिकवणाऱ्या हवालदाराने पहिल्याच आठवड्यात लिहून दिलं. त्या लिहून दिलेल्या कागदात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. बोरूने त्या तिथल्या तिथे दाखवल्या, कागद नीट टाइप करून आणला, आणि त्याच कागदाच्या जोरावर त्याची रवानगी आघाडीऐवजी मागच्या छावणीच्या कचेरीत झाली. कुणाचं नशीब कशाने उघडेल सांगता येत नाही. याचं स्वतःच्या नालायकीच्या दाखल्याने उघडलं.

नाव ठेवलं छावणीच्या आचाऱ्याने. ‘काय बोरूबहाद्दर, आज किती शत्रू लोळवले?’ असं तो रोज ताट वाढताना विचारायचा. पुढे बहाद्दर गळून नुसतं बोरू उरलं. खरं नाव हजेरीपटात होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही.

मूळचा हा कोर्टातला टंकलेखक. आई एका लॉंड्रीत तीस वर्षं इस्त्री करत होती, त्याच कमाईतून तिने त्याला टायपिंगच्या क्लासला घातलं. तिला स्वतःला अक्षर वाचता येत नसे. पण पोराने टाइप केलेला कागद उजेडात धरून ती म्हणायची, ‘ओळी बघा कशा, इस्त्री मारल्यासारख्या.’ लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, याचं त्या खटखट मशीनशीच लागलंय, आता दुसरी कशाला. थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आलेली, ती आईजवळ असायची. घरात मिळून तीन माणसं, आणि त्यांतलं एक लढाईवर. लढाईवर म्हणजे आपलं म्हणायचं.

कारण लढाई होती वीस मैलांवर. वारा तिकडून आला तर तोफा ऐकू यायच्या, नाही तर नाही. या छावणीचं काम रसदीचं: बूट, घोंगड्या, मलमपट्टीचं सामान पुढे धाडायचं. जागा टेकडीच्या उतारावर. वरच्या तंबूत एक मेजर, खालच्या तंबूत दुसरा मेजर, आणि मधल्या तंबूत बोरू, एक टाइपरायटर आणि आवक-जावकच्या दोन वह्या. म्हणून सगळे म्हणायचे वरचे साहेब आणि खालचे साहेब. खालच्या साहेबांना हे भयंकर झोंबायचं. दोघांना बढती एकाच दिवशी, एकाच हुकमाने मिळालेली. वरच्या साहेबांचं म्हणणं, हुकमात माझं नाव आधी आहे, म्हणजे मी ज्येष्ठ. खालच्या साहेबांचं म्हणणं, नावं मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत, मग मुळाक्षरांनाच मेजर करा की.

दोघांच्या डोक्यावर कर्नलसाहेब होते तोवर हे सगळं झाकलेलं होतं. मग त्यांना कावीळ झाली. ॲम्ब्युलन्समध्ये चढता चढता त्यांनी बोरूला हुकूम सांगितला, तो एवढाच: ‘दोघं बघून घेतील म्हणावं.’ आता ‘दोघं बघून घेतील’ असं कुणी सरकारी कागदावर लिहितं का? बोरूने लिहिलं, ‘पुढील आदेश होईपर्यंत छावणीचा कारभार उभयतांनी पाहावा.’ वाचून बघितलं तर वाक्य शेवटी लंगडत होतं. चालीत बसवायला त्याने आणखी दोन शब्द घातले: ‘उभयतांनी, उभयतांच्या स्वाक्षरीने पाहावा.’ कर्नलसाहेबांनी पिवळ्या डोळ्यांनी सही ठोकली आणि गेले. अति शहाणपणा माणसाला नडतो तो असा, आणि नडेपर्यंत तो किती शोभून दिसतो म्हणता!

आचाऱ्याने हुकूम फळ्यावर वाचला आणि म्हणाला, ‘उभयता? अरे, यांचं लग्न लावलंस की काय?’

लग्न परवडलं असतं. दुसऱ्याच दिवशी आघाडीवरून घोंगड्यांची मागणी आली. कागदावर दोन सह्या हव्यात, म्हणजे एक वर येणार, एक खाली येणार. खाली कोण? दोन दिवस घोंगड्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी बोरूनेच तोड काढली: प्रत्येक हुकमाच्या दोन प्रती, एकीवर एकट्या या साहेबांची सही, दुसरीवर एकट्या त्या साहेबांची. गोदामवाल्यांनी दोन कागद बघून दोनदा माल काढला. तीनशे घोंगड्या मागणाऱ्याला सहाशे मिळाल्या, पायाला एक जोड मागणाऱ्याला दोन. महिन्याभरात आघाडीवरून शाबासकीचं पत्र आलं, की इतकी तत्पर छावणी आम्ही पाहिली नाही. मग ती शाबासकी नेमकी कुणाची, यावर वेगळा पत्रव्यवहार सुरू झाला.

पत्रव्यवहार म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. दोघांच्या तंबूंत अंतर चाळीस पावलांचं. शिंकलं तरी ऐकू जावं. पण बोलणं बंद, सगळं काही लेखी. सुरुवात झाली आंघोळीच्या पाण्यावरून. वरच्या साहेबांच्या आंघोळीचं पाणी उतारावरून खालच्या साहेबांच्या तंबूत शिरलं. खालच्या साहेबांनी ओले बूट हातात धरून बोरूला बोलावलं आणि म्हणाले, ‘त्याला एक खरमरीत पत्र लिही. मजकूर तू बघ. मी सही करतो.’ बोरूने लिहिलं. नेऊन वर दिलं. वरच्या साहेबांनी दोन ओळी वाचल्या, लालेलाल झाले आणि म्हणाले, ‘याला जशास तसं उत्तर गेलं पाहिजे. मजकूर तू बघ.’

म्हणजे बघा, सकाळी बोरू स्वतःला खडसवायचा आणि दुपारी स्वतःलाच बाणेदार उत्तर द्यायचा. ‘पाणी वरून खाली वाहते हा निसर्गनियम असून तो या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ त्यावर: ‘सदर निसर्गनियम या कार्यालयास अद्याप प्राप्त झालेला नाही. तरी त्याची साक्षांकित प्रत उलटटपाली पाठवावी.’ उलटटपाली म्हणजे बोरूच्या उजव्या हातातून डाव्या हातात. साहेब लोक पहिल्या दोन ओळींपलीकडे वाचायचे नाहीत. पत्र लांबीला किती झालं तेवढं बघायचे आणि सही करायचे. समोरच्याचं पत्र एक पान असलं की आपलं दीड.

आणि खोटं कशाला बोला, बोरूला यात मजा येत होती. कोर्टात उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज उतरवण्यात गेला. इथे स्वतःची वाक्यं जात होती, तीही मेजरच्या सहीने. जावक क्रमांक १४३ तर त्याचा विशेष आवडता. खालच्या साहेबांतर्फे त्याने ठणकावलं होतं, ‘या कार्यालयाची स्वाक्षरी कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कागदावर, अन्य कोणाच्याही स्वाक्षरीखाली येणार नाही.’ ते त्याने आचाऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. आचारी म्हणाला, ‘झकास आहे. पण भांडण लावणारा मेला तरी भांडण मरत नाही, जपून.’ बोरू हसला.

मग ताईचं पत्र आलं.

‘आईचं दुखणं पोटातलं आहे. डॉक्टर म्हणाले, महिना निघाला तर निघाला. तिला कळलंय. तिने खाट दाराकडे तोंड करून ठेवायला लावली आहे. रोज विचारते, निघाला का? मी सांगते, निघालाय. मला खोटी पाडू नकोस.’

बोरूने रजेचा फॉर्म काढला. हा छापील असायचा, मुख्यालयाच्या शिक्क्याचा, माणशी वर्षाला एकच. त्याच्या दोन प्रती करायची सोय नव्हती. खाली सहीची चौकट, कर्नलसाहेबांच्या एका सहीपुरती. तीत दोन सह्या शेजारी शेजारी मावत नव्हत्या, वरच्या साहेबांची सहीच गोगलगाईच्या मागासारखी लांबलचक. एक वर आणि एक खाली, दुसरा इलाज नाही.

वरचे साहेब म्हणाले, ‘आई आजारी? अरेरे. जा बाबा जा. ही केली सही, वरच्या अर्ध्यात. आता त्याची घे.’

खालच्या साहेबांनी फॉर्म बघितला. चेहरा खरोखर पडला त्यांचा, उगाच कशाला नावं ठेवा. ‘माझी हरकत नाही रे रजेला. पण याच्या खाली सही? मी लेखी दिलंय. थांब, क्रमांक काय होता तो?’

‘एकशे त्रेचाळीस, साहेब.’

‘हां. “कोणत्याही परिस्थितीत” असं आहे ना त्यात?’

‘आहे, साहेब.’

‘मग तूच सांग, दिलेला शब्द मी कसा मोडू?’

वाक्य बोरूचंच. आपलाच हात, आपलाच पाय, आपलाच धोंडा. तो भटारखान्यात जाऊन एका पोत्यावर बसला. सगळं ऐकून घेतल्यावर आचारी म्हणाला, ‘एवढं तोंड पाडायला काय झालं? इकडचं पत्र तू लिहितोस, तिकडचं पत्र तू लिहितोस. भांडतोय कोण? तूच. मग मिटव की.’

इतकं सोपं ते. बोरू कामाला लागला. पण भांडायला शब्द कसे हात जोडून उभे राहायचे, नमतं घ्यायला एक येईना. ‘दिलगीर आहोत’ फक्त उत्तराला उशीर झाला तर लिहायची रीत. तीन कागद फाडल्यावर वरच्या साहेबांतर्फे पत्र तयार झालं: ‘सांडपाण्याची दिशा बदलण्यात येत असून, आपल्या पादत्राणांस झालेल्या त्रासाची या कार्यालयास जाणीव आहे.’ साहेबांनी लांबी बघून सही केली.

खालच्या साहेबांनी मात्र हे पत्र पुरतं वाचलं. विजयाचं पत्र माणूस पुरतं वाचतो. मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘आला की नाही सुतासारखा सरळ! आता सोडू नकोस त्याला. ठोक चांगला.’ बोरूने ‘होय साहेब’ म्हटलं आणि दुप्पट गोड उत्तर लिहिलं. ते वाचून वरचे साहेब खूश: ‘बघ, शेवटी गुडघे टेकले.’ असं अकरा दिवस चाललं. दोघांचीही खात्री झाली की आपण जिंकलो, आणि जिंकलेला माणूस उदार होतो. बाराव्या दिवशी वरच्या साहेबांनी खालच्या साहेबांना चहाला बोलावलं. लेखी.

त्या चहाला बोरू फॉर्म घेऊन बाहेर उभा होता. आत हसणं चाललं होतं. बढतीच्या दिवशी कोण किती घाबरलं होतं, कर्नल कसे घोरतात, असलं काहीबाही. पाण्याची आठवण निघाली तर दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्याला आत बोलावलं.

‘हाच तो,’ वरचे साहेब म्हणाले. ‘काय लिहितो हो, काय लिहितो!’

‘“निसर्गनियमाची साक्षांकित प्रत”!’ खालचे साहेब म्हणाले. ‘घरी बायकोला उतरवून पाठवलं मी.’

‘आणि हा रजेवर जातो म्हणतो.’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बोरूने हातातला फॉर्म टेबलावर ठेवला.

‘आता तर कुठे कामाला लागायचंय,’ खालचे साहेब म्हणाले. ‘आघाडीला संयुक्त पत्र धाडायचंय, कर्नलना प्रकृतीचं विचारायचंय. हा गेला तर लिहिणार कोण? मला “उभयतां”वर टिंब द्यायचं की नाही हेसुद्धा ठाऊक नाही.’

‘साहेब, आई...’ बोरू म्हणाला. चारशे पत्रं लिहिलेल्या माणसाला तोंडी एक वाक्य जमलं नाही.

‘अरे, आया अशाच आजारी पडतात आणि अशाच उठतात. माझी तीनदा उठली,’ वरचे साहेब म्हणाले आणि त्यांनी फॉर्मच्या शेऱ्याच्या जागी लिहिलं: सेवेच्या निकडीमुळे नामंजूर. खालच्या साहेबांनी पेन घेतलं आणि वरच्या साहेबांच्या सहीखाली, कपाळावर आठीसुद्धा न आणता, सही केली. ‘दोस्तीत कसलं वर आणि कसलं खाली!’

छावणीतला हा पहिला कागद, ज्याच्या एकाच प्रतीवर दोघांची सही होती.

त्यानंतर नवव्या दिवशी ताईचं पत्र आलं. चारच ओळी. आई मंगळवारी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. मी सांगत राहिले. तू आला नाहीस.

घर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. बोरूने बोटांवर मोजलं. चहाच्या दिवशी निघाला असता तर आईजवळ तीन दिवस मिळाले असते. बारा दिवस आधी सही झाली असती तर पंधरा. आणि ‘उभयतांच्या स्वाक्षरीने’ हे दोन शब्द त्याने घातलेच नसते तर अर्ज एका सहीने, त्याच दिवशी... तो मोजत राहिला आणि बोटं पुरेनात.

साहेबांना आचाऱ्याने सांगितलं. दोघं खरंच हळहळले. वरच्या साहेबांनी त्याला बोलावून खांद्यावर हात ठेवला. ‘वाईट झालं. तुला आम्हा दोघांकडून सांत्वनाचं पत्र दिलं पाहिजे. नुसतं तोंडी बरं दिसत नाही.’ मग जरा घुटमळून म्हणाले, ‘मजकूर तू बघ. आम्ही सह्या करतो.’

बोरूने मशीनला कागद लावला. कोर्टातल्या सवयीने बोटं आपोआप चालली: ‘आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता समजून...’ तो थांबला. कागद काढला, चुरगळला, दुसरा लावला.

‘तुमची आई तुमची वाट बघत गेली. तिची खाट दाराकडे तोंड करून होती, हे आम्ही विचारलं असतं तर आम्हाला कळलं असतं. आम्ही विचारलं नाही. सेवेची कसलीही निकड नव्हती. त्या आठवड्यात या छावणीत चहाखेरीज काही झालं नाही. आमच्या मोठेपणाच्या भांडणात बारा दिवस गेले आणि आमच्या दोस्तीत उरलेले गेले. भांडण पेटवायला शब्द तुम्ही पुरवलेत, तुमचाही दोष आहे, आणि तो तुम्हाला जन्मभर पुरेल. पण सही आमची होती. आम्ही चुकलो. तुमच्या आईची आणि तुमच्या ताईची आम्ही माफी मागतो.’

एकही शब्द खोडावा लागला नाही. त्याने तो कागद वर नेला. ‘एकच पान?’ वरचे साहेब म्हणाले. ‘बरोबर आहे, अशा वेळी मोजकंच हवं.’ आणि त्यांनी पेन पुढे केलं, ‘आधी तुम्ही.’ ‘छे छे, आधी तुम्ही,’ खालचे साहेब म्हणाले. दोन्ही सह्या झाल्या. मग दोघांनी उभं राहून, टोप्या काढून, ते पत्र त्याच्या हातात दिलं.

भटारखान्यामागे लाकडांच्या ढिगावर बसून बोरूने ते उघडलं. लिहिणारा कोण ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ‘आम्ही चुकलो’पाशी आला तेव्हा त्याला जे रडू फुटलं ते आवरेना. आचारी बाजूला उभा राहिला.

पत्राचं काय करायचं ते त्याला कळेना. जवळ ठेववेना, फाडवेना. त्याने ते ताईला पाठवून दिलं, सोबत एक अक्षर न लिहिता. काय लिहिणार होता? होतं नव्हतं ते सगळं त्यातच होतं.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं.

‘तुझ्या साहेबांचं पत्र मिळालं. मी दहा वेळा वाचलं. आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. शेजारच्या सगळ्यांना दाखवलं, कुणाचा विश्वास बसेना. एवढी मोठी माणसं, लढाईच्या धामधुमीत, एका इस्त्रीवालीची माफी मागतात! आईला केवढं वाटलं असतं. मी त्यांना रोज शिव्याशाप देत होते, ते सगळे परत घेतले. माझा त्यांना नमस्कार सांग. पण एक विचारते, राग मानू नकोस. परक्यांना एवढं सुचलं, आणि तू पोटचा पोर, तुला सोबत “ताई, चुकलं” एवढे दोन शब्द घालायला सुचले नाहीत? जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लिहिलीस ना रे.’

बोरूने कागद घेतला, मशीनला लावला नाही. हाताने लिहिलं: ‘ताई, ते पत्र माझंच आहे.’ लिहून त्याकडे बघत बसला. मग त्याच्या डोळ्यांपुढे ताई आली, फोटोपुढे बसून मोठ्याने वाचणारी, आणि दारात जमलेल्या बायका. हे तिला कळवलं तर तिच्या हातात काय उरणार? साहेबांची माफी जाईल, आणि भावाची आली तरी ती खोट्या सहीने आली, असंच होईल.

त्याने तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं, ‘ताई, तुझा नमस्कार साहेबांना सांगितला. बरं म्हणाले.’